टण टण

“शांतवन उमाप यांनी ग्रुप सोडला,” शालननं माझ्या फोनवर मोठ्यानं वाचलं आणि फोन माझ्यासमोर आपटला. “झालं समाधान? काढलंत ना गरीब माणसाला?”

“मी कुठं काढलं? तो गेला.”

“तुमची ती टण वाजल्यावर गेला. मला दिसत नाही का?”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आमच्या ग्रुपचं नाव ‘डबल बेल’. सगळे एसटीचे रिटायर लोक; कंडक्टर, ड्रायव्हर, मेकॅनिक. मी त्यांच्या डेपोचा कंट्रोलर होतो. अर्धा जन्म त्यांना ड्युट्या लावल्या, म्हणून ॲडमिनही मलाच केलं. जुन्या गाड्यांत छताला दोरी असायची. कंडक्टरनं एकदा ओढली की ड्रायव्हरनं थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. ग्रुपवर मी तोच कायदा ठेवला होता. कुणी वाहवत गेला की मी नुसतं ‘टण’ लिहायचो, आणि माणूस गप्प व्हायचा. भांडणं मिटवायची याहून स्वस्त पद्धत जगात नसेल, असं माझं मत होतं. शालनचं मत वेगळं होतं, पण ती ग्रुपमध्ये नव्हती.

त्या सोमवारी सकाळी झालं ते असं. शांतवन, आमचा सगळ्यांत शांत ड्रायव्हर, कित्येक महिने ग्रुपवर मुका होता. त्यानं अचानक लिहिलं, “माझ्या प्रभूनं माझ्यावर फार मोठी दया केली. त्याचे उपकार मानतो. रविवारी सगळे आमच्या देवळात या.”

देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. आमच्या नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.

लगेच ढाकण्यांचं उत्तर आलं. “का? आमच्या देवीला काय झालंय?”

गहिनीनाथ ढाकणे, कंडक्टर, मोहटादेवीचा कट्टर भक्त. रोज पहाटे देवीचे इतके फोटो टाकायचा की बाकीच्यांचे फोन गुदमरायचे. आणि मजा अशी की हाच ढाकणे आणि हाच शांतवन अर्धी नोकरी एका गाडीवर होते. जोडी मीच लावली होती. एक अखंड बडबडणारा, एक घुम्या. म्हटलं, गाडीचा तोल राहील. तो इतका राहिला की एकाची सुट्टी असली की दुसऱ्याला जेवण जायचं नाही.

त्या उत्तरानंतर ढाकण्यांनी देवीच्या फोटोंचा मारा सुरू केला. वर “शांतवन टाइप करत आहे” असं दिसत होतं. म्हटलं, आता पेटणार. मी ढाकण्यांना आवरायला लिहिलं, “टण.”

टाइप करणं थांबलं. आणि मग ती शालननं वाचलेली ओळ आली.

“जा,” शालन म्हणाली, “जोडी तुम्ही लावलीत, आता मोडली तर तुम्हीच जाऊन जोडा.”

“अगं, दोघं म्हातारे झाले. मोडली तर मोडली.”

“त्याची बायको गेल्यावर लेकीशिवाय त्याला आहे कोण? हा ढाकणेच ना? नसता कारभार करून ठेवता आणि वर मोडली तर मोडली म्हणता!”

बायको खरं बोलते तेव्हा फार त्रास होतो. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली.

शांतवन त्याच्या गावाच्या टोकाला राहायचा. ओट्यावर बसला होता. डोळ्यांना भलामोठा काळा चष्मा. मी फाटक ढकललं तसा म्हणाला, “कोण?”

“कोण काय लेका? तोडकर.”

“साहेब! या या.” तो धडपडत उठला. “स्कूटरच्या आवाजावरून वाटलंच होतं. तुम्ही अजून दुसऱ्या गिअरमध्येच चालवता.”

मी त्याच्या चष्म्याकडे बघत बसलो. “हे काय सोंग?”

तो जरा हसला. मग सांगितलं. दोन वर्षं दिसणं कमी होत गेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गेलेले. एका डोळ्याचं तर डॉक्टरांनीही सांगता येत नाही म्हटलं होतं. गेले कित्येक महिने त्याला माणूस आणि खांब यातला फरक कळत नव्हता. ऑपरेशन झालं आणि त्या सोमवारी सकाळी पट्टी निघाली.

“आधी खिडकी दिसली साहेब. मग खिडकीत लेक दिसली. तिच्या डोक्यात पांढरे केस आलेत, मला माहीतच नव्हतं.” त्यानं चष्म्याखालून डोळा पुसला. “फोन मागितला आणि पहिलं तुम्हा लोकांना लिहिलं.”

माझ्या डोक्यात भराभर दिवे लागत गेले. ढाकणे मागं महिनाभर फणफणत होता. भर बाजारात शांतवनला हात केला, तर हा पठ्ठ्या समोरून निघून गेला म्हणे. कट्ट्यावर येत नाही, ग्रुपवर बोलत नाही. मोठा माणूस झालाय! ढाकण्यांचा राग देवीपेक्षा त्या हाताचा होता.

“अरे मग सांगायचंस ना! निदान ढाकण्यांना तरी!”

“मास्तरांना?” ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. “त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी देवीला नवस बोलला असता. अनवाणी गड चढून गेले असते. गुडघे बघितलेत का त्यांचे? माझे डोळे यायचे आणि त्यांचे पाय जायचे.”

मी म्हटलं, “बरं, आणि ग्रुप का सोडलास?”

“तुम्ही बेल दिलीत ना. सिंगल बेल.”

“बाबा रे, ती ढाकण्यांना होती!”

शांतवननं माझ्याकडं तोंड वळवलं. त्या काळ्या काचांमागून तो मला कीव करून बघतोय असं वाटलं. “साहेब, बेल कधी कंडक्टरला असते का? बेल ड्रायव्हरलाच असते. मला वाटलं, आपल्यामुळं गाडीत भांडण लागलं. थांबलो. उतरलो.”

कायदा माझाच, आणि तो पाळणारा उभ्या ग्रुपमध्ये एकटा निघाला.

“मी पुढचं लिहीतच होतो,” तो म्हणाला. “एका बोटानं लिहितो, वेळ लागतो. रविवारी उपकारस्तुती ठेवलीय. आमच्यात साक्ष देतात. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. मग जेवण. साऱ्या डेपोचं जेवण सांगितलंय आचाऱ्याला. तेच लिहायचं होतं.”

“म्हणजे तू जेवायला बोलावत होतास?”

“नाही तर काय, लोकांना बाप्तिस्मा द्यायला? माझा मला पुरे झालाय.”

मी उठलोच. “थांब, आत्ता लिहितो ग्रुपवर. ढाकण्यांना फोन करतो.”

“नाही.” आवाज एकदम ड्रायव्हरचा, घाटात चढ लागल्यावर लागायचा तसा. “माझी साक्ष मी देणार. दुसऱ्याच्या तोंडून दिली ती कसली साक्ष? आणि मास्तरांना माझे डोळे सांगून आणायचं नाही. कीव येऊन आलेला माणूस मला नको. आले तर मास्तर म्हणून येऊ देत.”

“आणि नाहीच आले तर?”

त्यानं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाला, “मग गाडी रिकामी न्यायची. पूर्वी कधी नेली नाही काय?”

म्हणाला खरा, पण मी निघालो तर मास्तरांचे गुडघे आता कसे आहेत म्हणून त्यानं विचारलं.

तसाच मी ढाकण्यांकडे गेलो. हे गृहस्थ गुडघ्याला तेल चोळत बसले होते. माझ्या तोंडात सगळी गोष्ट होती आणि तोंडावर कुलूप होतं. असा छळ वैऱ्याचाही होऊ नये.

“साहेब, त्याची बाजू घेऊन आला असाल तर चहा घ्या आणि जा,” ढाकण्यांनी आल्याआल्या सुनावलं. “मला देवळात बोलावतो! मला! मी माझी देवी सोडीन असं वाटलं त्याला?”

“गहिनीनाथ, नवरात्रात गडाच्या जादा गाड्या असायच्या. तुझ्या गाडीवर ड्रायव्हर कोण असायचा?”

“तोच. मग?”

“गाडी लागली की त्याला वर दर्शनाला कोण ओढून न्यायचं?”

“मीच. म्हणजे, तो दर्शन घेत नव्हता. बाजूला उभा राहायचा माझ्या चपला सांभाळत.”

“प्रसाद?”

“खायचा की! दोन-दोनदा मागून खायचा.”

“तू त्याला दरसाल गडावर बोलावत होतास. तो कधी म्हणाला का, की का, आमच्या प्रभूला काय झालंय?”

ढाकण्यांचा तेलाचा हात थांबला. “ते वेगळं होतं.”

“कसं वेगळं?”

“ते... ते आपलं होतं, साहेब.” आणि मग एकदम भडकून, “आणि बाजारात मी हात केला तर बघितलं नाही त्यानं! अख्ख्या बाजारात मी हात वर करून उभा! भाजीवाली हसली मला!”

आलं होतं, अगदी ओठावर आलं होतं. मी चहाचा घोट घेऊन ते गिळलं. जीभ भाजली.

“गहिनीनाथ,” मी म्हटलं, “इतकी वर्षं तिकिटं फाडलीस. पॅसेंजरला काय विचारायचास?”

“कुठं जायचं, म्हणून.”

“पैठणला म्हणाला तर कधी म्हणालास का, पैठणला कशाला मरायला, नगरला चल?”

“त्याला जायचं तिथलं तिकीट द्यायचं. आपल्याला काय करायचंय?”

“मग ग्रुपवर तू काय करतोस रोज पहाटे? अकरा जणांना पाठवा, नाही तर कोप होईल! माझ्या बायकोनं घाबरून पाठवले एकदा. आता तिच्या मैत्रिणी तिच्याशी बोलत नाहीत.”

यावर त्यांना हसू फुटलं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. “रविवारी मी जाणार नाही,” असं मात्र बजावून सांगितलं.

घरी येऊन मी ग्रुपवर नवा कायदा टाकला. गुरुवारी ज्याला देवाविषयी लिहायचंय त्यानं लिहावं. पण आलेलं पुढं ढकलायचं नाही. स्वतःच्या शब्दांत, स्वतःवर बेतलेलं लिहायचं. ‘मी’ असं म्हणायचं, ‘तुम्हीही करा’ म्हणायचं नाही. ऐकून बरं वाटलं तर ‘टण टण’ द्यावी. पटलं नाही तर पॅसेंजर करतो तसं खिडकीतून बाहेर बघावं.

गुरुवार उजाडला आणि ग्रुपवर चिटपाखरू फिरकेना. रोज देवांची रांग लावणारे बहाद्दर, स्वतःच्या शब्दांत म्हटल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली. दुपारी जब्बारभाई मेकॅनिकनं पहिली हिंमत केली. “मी पहाटेच्या नमाजाला उठतो. गुडघा फार दुखतो. पण नमाज झाल्यावर दिवसभर कुणावर चिडत नाही. बायकोला विचारा.” त्यावर सगळ्यांनी टण टण दिली, आणि दोघातिघांनी खरंच त्याच्या बायकोला फोन करून विचारलं. ती म्हणाली, अर्धं खरं आहे.

“तुम्ही लिहा की काही,” शालन मला म्हणाली.

“माझा देव म्हणजे वेळापत्रक.”

“तो तरी घरात कधी पाळलात?”

संध्याकाळी मी शांतवनच्या ओट्यावर जाऊन बसलो. फोन मांडीवर. त्याला अजून बारीक अक्षर लागत नव्हतं. आणि दिवेलागणीला ढाकण्यांचं आलं. फोटो नाही, फुलं नाही, नुसती अक्षरं. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

“मी गहिनीनाथ ढाकणे. घाटात आमच्या गाडीचा ब्रेक लागेना झाला होता. गाडी भरलेली. मी दोरीला लोंबकळून मोहटादेवी, मोहटादेवी ओरडत होतो. ड्रायव्हर काही बोलला नाही. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि मुरमाच्या ढिगाऱ्यात थांबवली. कुणाला खरचटलं नाही. तेव्हापासून मी दरवर्षी देवीला नारळ फोडतो. पण त्या नारळाचं खोबरं आधी ड्रायव्हरला द्यायचो. दोन वर्षं झाली, तो येत नाही. खोबरं मी एकटा खातो. गोड लागत नाही.”

शांतवन समोर बघत होता.

“परत वाचा,” तो म्हणाला.

मी परत वाचलं.

“मला घ्या ग्रुपमध्ये.”

मी घेतलं. ‘शांतवन उमाप यांना सामील केले’ असं दिसलं. त्यानं आपला फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोट वर धरून तसाच थांबला.

“लिही की,” मी म्हटलं. “की मी बेल देऊ?”

“तुमची नको, साहेब. तुम्ही कंट्रोलर. तुमच्या बेलवर गाडी हलत नसते.”

साऱ्या ग्रुपमध्ये कुणी काही लिहीना. मी आतल्या आत ढाकण्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. मग फोन वाजला.

गहिनीनाथ ढाकणे. “टण टण.”

शांतवननं लिहायला सुरुवात केली. एका बोटानं. मधे आचारी येऊन गेला, लेकीनं दिवा लावला, तरी हे चालूच. आणि साऱ्या डेपोला फोनवर दिसत होतं, की शांतवन टाइप करत आहे, आणि कुणी मधे बोललं नाही.

“मास्तर, घाटात मी पण हाक मारली होती. मनात. माझ्या प्रभूला. गाडी कुणी थांबवली ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मला विचाराल तर माझ्या प्रभूनं. तुम्हाला विचारलं तर तुमच्या देवीनं. पॅसेंजर उतरले, घरी गेले. बाजारात तुम्ही हात केलेला मला दिसला नाही. मला काहीच दिसत नव्हतं. सोमवारी पट्टी निघाली. त्याची साक्ष रविवारी द्यायची आहे. ज्याला देवळात बसायचं नसेल त्यानं बाहेर लिंबाखाली बसावं. जेवायला मात्र सगळ्यांनी या.”

ते गेलं आणि त्याचा फोन लगेच कडाडला. कानाला लावायची गरजच नव्हती, ढाकण्यांचा आवाज फाटकापर्यंत जात होता. “गाढवा! आंधळा होऊन बसलास आणि मला सांगितलं नाहीस? मी काय मेलो होतो? मी तुझ्यावर फणफणत फिरतोय आणि तू... अरे, भाजीला कोण नेत होतं तुला?” आणि मग तो एवढा मोठा माणूस फोनवर ढसाढसा रडायला लागला. शांतवनही रडत होता, पण डॉक्टरांनी डोळ्यात पाणी आणू नका म्हणून सांगितलेलं, त्यामुळं लेक फडकं घेऊन बापावर ओरडत होती.

रविवारी आमचा सगळा डेपो लोटला. लिंबाखाली फार थोडे बसले, आणि तेही सावलीसाठी. ढाकणे धुतलेल्या धोतरात आले होते, हातात पिशवी, पिशवीत नारळ. देवळाच्या पायरीशी शांतवन चाचपडला तसे त्याच्या पुढं झाले, आणि उलटे चालत, गाडी मागं घ्यायला लावताना करायचे तसा हात हलवू लागले.

“येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं जरा... येऊ द्या... बस्स!”

शांतवन बरोबर पहिल्या बाकावर लागला. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

उपासनेची वेळ झाली. घंटा वाजवणारा म्हातारा रश्शाच्या पातेल्यात अडकलेला. पाळकसाहेब दाराशी येऊन इकडंतिकडं बघू लागले. दारातच वरून एक जाड दोरी लोंबत होती. ढाकण्यांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली.

“साहेब,” मला न विचारता त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, “ही मी ओढली तर चालेल का? मी दुसऱ्या देवाचा आहे.”

पाळकसाहेब म्हणाले, “दोरीला काय कळतंय? ओढा.”

ढाकण्यांनी सवयीनं दोरी मुठीत धरली, वर न बघता, आणि दोनदाच ओढली. टण टण.

तो म्हातारा पातेलं सोडून धावत आला. “अहो, एवढीच काय? भरपूर वाजवायची असते! गावाला कळायला नको?”

“ज्याला कळायचं त्याला कळलं,” ढाकणे म्हणाले.

मी पुढं पाहिलं. पहिल्या बाकावर शांतवन ताठ बसला होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही. फक्त डावा हात मांडीवरून खाली नेला आणि गिअर टाकला.